साहेबासाठी झाडलेला मोहल्ला

घाणीची लाज कोणाला वाटायला हवी? जो ती करून पुढे ढकलतो त्याला, की ज्याच्या दारात ती येऊन साचते त्याला?

उत्तर सोपं आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर आमच्या मोहल्ल्यालाही तसंच वाटत होतं. मग एका सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं चुकीचं उत्तर दिलं आणि त्यावर रांगोळी काढली. त्या रांगोळीची मला आजही किळस येते.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, जिथे कापूस मागे राहतो आणि धानाच्या बांध्या, तलाव सुरू होतात, तिथलं आमचं गाव. नगर परिषद असलेलं, त्यामुळे स्वतःला शहर म्हणवणारं. वरच्या अंगाला बसस्टँड, बाजार, भाताच्या गिरण्या. खालच्या अंगाला तलाव. या दोन्हींच्या मध्ये उतारावर आमचा मोहल्ला. वर राहणारे त्याला खालचा मोहल्ला म्हणायचे आणि म्हणताना नाक किंचित वर करायचे.

नाक वर करण्याचं कारण आमच्या गल्लीच्या मधून वाहत होतं. बाजारातल्या हॉटेलांचं खरकटं, मटणाच्या दुकानांचं धुवण, बसस्टँडच्या मुतारीचं पाणी आणि गिरणीत उकड्या तांदळासाठी भिजवलेल्या धानाचं आंबलेलं काळं पाणी, हे सगळं एकाच कच्च्या नालीतून आमच्याकडे यायचं. उकड्याच्या पाण्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. तो नाकात जात नाही, जिभेवर बसतो. जेवताना वरणाला तो वास, झोपताना उशीला तो वास. पाहुणा आला की आधी उदबत्ती लावायची आणि मग त्याला पाणी विचारायचं, अशी आमच्या घरांची रीत पडून गेली होती.

नाली सगळ्यांच्या दारावरून जात होती, पण थांबत होती एकाच दारात. गल्लीच्या खालच्या टोकाशी शेवटचं घर एका शिंप्याचं होतं. नवरा बाजारात एका दुकानाच्या ओसरीवर मशीन टाकून बसायचा. बायको घरी काज-बटन करायची. सगळा मोहल्ला तिला भाभी म्हणायचा. तिच्या घरासमोर नालीची कड कधीची ढासळली होती. तिथे पाणी पसरायचं, साचायचं आणि हळूहळू जमिनीत जिरायचं. आणि त्या डबक्यापासून हाकेच्याही अंतरावर नाही, अगदी लागूनच, मोहल्ल्याची विहीर होती. हातपंपाला लाल, लोखंडी चवीचं पाणी यायचं, म्हणून पिण्याला सगळे विहिरीचंच पाणी नेत. वरच्या घरांना दुसरीही एक विहीर जवळ होती. भाभीला हीच.

भाभीच्या मुलीला त्या पावसाळ्यात कावीळ झाली. तिला कावीळ होण्याची ती पहिली वेळ नव्हती. मुलगी शाळेत जायच्या वयाची, पण अंथरुणातच. डोळे असे पिवळे की पाहणाऱ्याने मान वळवावी. डॉक्टरांनी भाभीला सांगितलं होतं की हे पाणी बदला, नाही तर पुन्हा होईल, आणि पुन्हा झालं तर सांगता येत नाही. भाभीने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातात एक शर्ट होता आणि ती बोलता बोलता बटन लावत होती.

"पानी बदला म्हणते डॉक्टर," ती म्हणाली. "कुठून बदलू? पानी का कपडा आहे?"

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि कुठल्या ना कुठल्या संपाची, मोर्चाची, सभेची पत्रकं रोज घरी यायची. मी अक्षरं त्यांवरच शिकले. त्यामुळे मला लहानपणापासून असं वाटत आलं की अन्याय नीट शब्दांत मांडला, चार माणसं गोळा केली आणि दारावर धडक दिली की सरकार हलतं. भाभीचं ऐकून मी त्याच आठवड्यात घरोघर फिरले. आपली एक मोहल्ला समिती करू, नगर परिषदेशी बसून बोलू, नाली पक्की करून घेऊ. लोक हो म्हणाले. लोक पटकन हो म्हणतात.

पहिली बैठक एका सेवानिवृत्त गुरुजींच्या अंगणात झाली. त्यांचं घर गल्लीच्या सगळ्यात वर, जिथे वास जरा कमी. भाभी आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "नालीची बैठक आहे तं नालीवर बसा ना. इथी काऊन बसून राह्यले?" सगळे हसले. कोणी उठलं नाही.

ती सगळी संध्याकाळ अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण आणि समितीचा शिक्का गोल असावा की चौकोनी, यात गेली. गुरुजी अध्यक्ष झाले, कारण त्यांचं अक्षर चांगलं आणि आवाज भारदस्त. मी सचिव झाले, कारण काम मीच करणार होते. भाभीला कोणी काही केलं नाही. ती उठून गेली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही समिती नालीची नाही, गुरुजींच्या अंगणाची आहे. पण शिक्का गोल ठरला होता आणि मला आनंद झाला होता.

आमच्या वार्डाचे नगरसेवक मोठे गोड माणूस. त्यांच्याकडे गेलं की चहा मिळायचा, पाठीवर हात मिळायचा आणि "होऊन राह्यलं ना बाप्पा" एवढं वाक्य मिळायचं. नालीचं काय झालं विचारलं की होऊन राह्यलं. कधी होईल विचारलं की होऊनच राह्यलं. दिवाळी गेली, धान कापून झालं, होऊनच राह्यलं होतं. मग नगर परिषदेत नवे मुख्याधिकारी आले. तरुण होते, लोकांना भेटायचे. मी आणि गुरुजी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मी स्वतः येऊन पाहतो. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी प्रस्ताव करत नाही."

मला याहून चांगलं वाक्य कुठल्याच पत्रकात सापडलं नव्हतं. मी पळत जाऊन भाभीला सांगितलं. ती म्हणाली, "आले पाह्यजे फक्त. एकदा त्याचा बूट इथी फसला पाह्यजे."

साहेबांनी दिलेल्या दिवशी मी आणि गुरुजी सकाळीच नगर परिषदेत जाऊन बसलो, त्यांना घेऊन यायला. भाभी त्या सकाळी मुलीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली होती, ताप पुन्हा चढला होता म्हणून. तेव्हा मोहल्ल्यात काय चाललंय हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

साहेबांच्या जीपमधून मी उतरले आणि मला क्षणभर वाटलं की आपण चुकीच्या गल्लीत आलो.

गल्ली झाडलेली. सडा टाकलेला, ओला, शेणाचा हिरवट. दारादारात रांगोळी. दोन्ही कडांना चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेषा, जशा मंत्री येणार असला की मारतात. आंब्याच्या पानांचं तोरण. नालीतला गाळ उपसून टोपल्यांनी तलावाच्या काठी नेऊन टाकलेला. मग विहिरीचं पाणी बादल्या-बादल्यांनी ओतून नाली धुऊन काढलेली. हो, त्याच विहिरीचं पाणी. आणि भाभीच्या दारासमोरचं डबकं मुरुमाने बुजवून त्यावर बांबूचे तट्टे अंथरलेले, साहेबांना नीट चालता यावं म्हणून.

या सगळ्याची पुढारी होती आमच्या गल्लीतली एक बाई, सगळे तिला मावशीच म्हणायचे. ढिवराची, तलावातली मासळी डोक्यावर घेऊन बाजारात विकणारी, सगळ्या मोहल्ल्याला धाकात ठेवणारी. तिने पहाटेपासून सगळ्या बायका कामाला लावल्या होत्या. हातपाय शेणाने भरलेले, कपाळावर घाम आणि चेहरा असा खुललेला की घरी लेकीचं लग्न असावं.

"काय केलं हे मावशी?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"काय केलं म्हंजे? साहेब आपल्या घरी येऊन राह्यला पोट्टे. घाणीतून नेतं का त्याले? काय म्हणन तो, कशे लोक आहेत म्हणन."

"अगं, घाण दाखवायलाच आणलं ना त्याला."

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला घाणेरडं काहीतरी करायला सांगत होते. "जा ना," ती म्हणाली, "तुले शिकून अक्कल आली नाई."

साहेब रांगोळ्या चुकवत चुकवत चालले. त्यांच्या बुटाला थेंबही लागला नाही. मी म्हणाले, सर, हे आज झाडलंय, रोज असं नसतं. ते हसले. मी शेवटच्या घराशी गेले आणि एक तट्टा उचलला. खाली ओला, दाबून बसवलेला लाल मुरुम होता. नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा.

"साफ आहे की," साहेब म्हणाले.

"सर, खाली डबकं आहे. विहिरीत झिरपतं."

गुरुजींनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "पोरी, बाहेरच्या माणसासमोर आपल्याच आयाबायांना उघडं पाडतेस का?" मग ते मोठ्याने म्हणाले, "साहेब, चहा-पोहे तयार आहेत."

साहेबांनी गुरुजींच्या अंगणात पोहे खाल्ले. तोवर येऊन पोचलेल्या नगरसेवकांनीही खाल्ले, दोनदा मागून. साहेब निघताना म्हणाले, "मोहल्ला फार छान ठेवलाय तुम्ही. बाकीच्या वार्डांनी शिकण्यासारखं आहे." मावशीने तोंडावर पदर घेतला आणि लाजली. मी बाजूला उभी होते आणि मला पोह्यांचा वास सहन होत नव्हता.

जीप गेली आणि थोड्या वेळाने भाभी सायकलरिक्षातून आली. मुलगी तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपलेली. भाभीने रिक्षातूनच गल्लीभर पाहिलं. चुना, रांगोळ्या, दारासमोर डबक्याच्या जागी मुरुम आणि तट्टे. तिचा चेहरा उजळला.

"झालं काम?" तिने मला विचारलं. "येवढ्या लवकर?"

मावशीनेच सांगितलं, मोठ्या अभिमानाने. साहेब किती खुश झाला, काय काय बोलला. भाभी ऐकत राहिली. मग तिने मुलीला उचललं, तट्ट्यावरून चालत घरात गेली आणि दार लावून घेतलं. मावशी मला म्हणाली, "हिले काय झालं? हिच्याच दारापुढं सगळ्यात जास्त राबलो आमी." आणि ते खरं होतं. यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच, की ते खरं होतं.

पुढे जे झालं ते मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं मी वाढवून सांगते. आमच्या भागात धान घरात आलं की शंकरपट भरतात. दिवसा बैलांच्या जोड्या धावतात, रात्री वडशाकडच्या मंडळींची नाटकं असतात, गावोगावची माणसं पाहुणी येतात. त्या वर्षीच्या पटात, जोड्या सुटायच्या आधी, मैदानातल्या मांडवात लाऊडस्पीकरवर आमच्या मोहल्ल्याचं नाव पुकारलं गेलं. नगरसेवकांनी ठरवलं होतं: शहरातला सर्वांत स्वच्छ मोहल्ला. शाल, नारळ आणि प्लास्टिकच्या फुलांचा हार.

मी गुरुजींना म्हणाले, जाऊ नका. त्यांनी टोपी नीट केली आणि गेले. शाल घेतली. हात जोडले. माईकवर चार शब्दही बोलले, स्वच्छतेचं महत्त्व वगैरे. खाली आमचे लोक टाळ्या वाजवत होते. त्यात असे होते ज्यांच्या उंबऱ्याला त्याच सकाळी नालीचं पाणी लागलं होतं, कारण मुरुम वाहून गेला होता, डबकं परत भरलं होतं आणि वास जिथल्या तिथे परत आला होता.

मी तिथेच नगरसेवकांना गाठलं. नालीचं काय, असं विचारलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, मी मुलगी म्हणून असेल, पण आवाज तोच गोड.

"बाई, आता कायची तक्रार? आत्ताच बक्षीस घेतलं ना तुमी लोकांनं. सगळ्यात साफ मोहल्ला तुमचा. मंग साफ मोहल्ल्यात नाली कायले पाह्यजे?"

बाजूची माणसं हसली. मलाही त्या युक्तीचं मनातून कौतुक वाटलं, खोटं बोलत नाही. माणसाला लाथ मारायची आणि लाथेला हार घालायचा. मी अनेक पत्रकं वाचली होती, पण त्यांतला शत्रू दात विचकणारा असायचा. शाल पांघरवणारा शत्रू कुणी लिहिला नव्हता.

समिती तिथेच मेली असं मी म्हणेन. तिचा शिक्का मात्र जिवंत राहिला. सत्कारांच्या पत्रिकांवर तो उमटायचा. वाढदिवस, अभिनंदन, स्वागत. गुरुजींच्या अंगणात खुर्च्या वाढल्या.

मुलगी अजून बरी होत नव्हती. भाभी तिला पाणी उकळून पाजायची, पण लाकूड किती जाळणार आणि मुलगी बाहेर खेळायला गेली की काय पिते हे कुठवर पाहणार. एक दिवस ती माझ्या घरी आली आणि म्हणाली, "चल. आपण दोघी जाऊ. समिती नको."

आम्ही नगर परिषदेच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. भाभीने मुलीला सोबत घेतलं होतं. मुख्याधिकारी बाहेर आले, त्यांनी मला ओळखलं. "अरे, तुम्ही तर त्या स्वच्छ मोहल्ल्याच्या." भाभीने मुलीचं तोंड हाताने त्यांच्याकडे वळवलं आणि म्हणाली, "साहेब, हे पहा डोळे. हा मोहल्ला साफ आहे का?" ती ओरडली नाही, रडली नाही. साहेबांनी थोडा वेळ मुलीकडे पाहिलं. म्हणाले, उद्या सकाळी येतो. कोणाला सांगू नका.

कोणाला सांगू नका असं नगर परिषदेत बोललेलं वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतं. आम्ही परतलो तेव्हा मोहल्ल्यात हालचाल सुरू होतीच. मावशी शेण गोळा करत होती. गुरुजींनी चुना मागवला होता.

भाभीने मुलीला माझ्या आईजवळ ठेवलं आणि पहिल्या दारात गेली. "खराटा द्या," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी परत देते." कुणी चिडलं, कुणी हसलं, कुणी विचारलं वेड लागलं का. एका घरातून म्हातारा ओरडला, "खराटा नेते तं सून पण घेऊन जा, तेही झाडत नाई." ती उत्तर न देता हात पुढे करून उभी राहायची. मी मागे होते. एकेक खराटा तिच्या काखेत जमत गेला. शेवटी ती मावशीच्या दारात पोचली आणि तिथे अडली.

"नाई देत," मावशी म्हणाली. "पाहुणा येते तं आंगन झाडाव नाई? आमी ढोरं हाओ का?"

"पाहुणा नाई तो मावशी. नोकर आहे. पगार घेते याच कामाचा."

"अन् उद्या माह्या दारात गू-मूत दिसन त्याले, तं नाव कोनाचं निघन? ढिवरांचं निघन. असेच राहतेत म्हणन. तुह्यं काय जाते?"

भाभीने काखेतले खराटे खाली ठेवले. मग म्हणाली, "माही पोट्टी जाते मावशी."

मावशीने मान फिरवली. आत गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली आणि तिने खराटा भाभीच्या हातात दिला नाही, पायापाशी फेकला. "घे. अन् आता साहेबासमोर मले उभी करू नको. मी तलावावर जातो उद्या." ती दुसऱ्या दिवशी खरंच पहाटेच मासळीला निघून गेली. उघड्या घाणीपाशी उभं राहायची लाज तिच्याने सोसवत नव्हती. जी घाण बसस्टँडवरून आली होती, गिरणीतून आली होती, तिच्या घरातून नव्हे, तिची लाज मावशीला होती. गिरणीच्या मालकाला, हॉटेलवाल्याला, नगरसेवकाला नव्हती. त्या दिवसापासून मला मावशीचा राग येणं बंद झालं आणि जो राग उरला तो जास्त कडू होता.

सकाळी साहेब आले. गुरुजींच्या अंगणापर्यंत सडा होता, त्यांनी आपला खराटा दिला नव्हता. तिथून खाली जसं होतं तसं. हॉटेलातली शिळी भाजी, कोंबडीची पिसं, काळा फेस. माश्यांचा असा थर की नालीलाच अंग फुटल्यासारखं वाटावं. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. भाभीच्या दारासमोर त्यांचा बूट घोट्यापर्यंत गेला. तिने जे मागितलं होतं ते तिला मिळालं.

साहेब चिडले. नालीवर नाही, आमच्यावर. "मागच्या वेळी एवढं स्वच्छ होतं. बक्षीस मिळालं की झालं का? तुम्ही लोक स्वतःचं घरही साफ ठेवू शकत नाही आणि सगळं सरकारवर ढकलता." ते मला म्हणत होते, शिकलेली दिसले म्हणून. मी तोंड उघडलं, पण भाभी आधी बोलली. "शिव्या द्या साहेब. पण आता पाह्यलं तुमी. आता नाई पाह्यलं म्हणू नका."

खरं सांगायचं तर तो एकच क्षण होता जेव्हा मला या सगळ्या खटपटीचा अर्थ दिसला. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुरुवातीला पक्क्या नालीचं काम मंजूर झालं.

नारळ फुटला तो बाजाराच्या टोकाला, नगरसेवकांच्या घरासमोर. गुरुजी होते, शाल होती. ठेकेदाराने वरून खोदायला सुरुवात केली. सिमेंटची सुंदर, गुळगुळीत नाली नगरसेवकांच्या दारावरून, गिरणीवरून, गुरुजींच्या अंगणावरून खाली खाली येत गेली. आणि गल्लीच्या खालच्या टोकाशी, शेवटच्या घराच्या अलीकडे, एका सकाळी थांबली. मजूर आलेच नाहीत. ठेकेदार म्हणाला, इस्टिमेट येवढंच होतं. नगरसेवक म्हणाले, होऊन राह्यलं ना बाप्पा, दुसऱ्या टप्प्यात. साहेबांची तोवर बदली झाली होती.

पाऊस आला आणि कच्च्या नालीत जे रांगत यायचं ते आता पक्क्या नालीतून धावत आलं. गुळगुळीत सिमेंटवरून सुसाट येऊन सिमेंट संपलं तिथे, भाभीच्या भिंतीवर, सरळ आदळायला लागलं. वरच्या घरांतला वास गेला. लोक म्हणाले, चला, झालं एकदाचं. मावशी मला म्हणाली, "पाह्यलं, झालं का नाई?" ती खरंच खुश होती, तिच्या दारात आता काही साचत नव्हतं. भाभीच्या घराची पुढची भिंत पावसाळ्याच्या मधोमध बसली. नगर परिषदेने विहिरीवर फरशी टाकून ती बंद केली आणि नळ देतो म्हणाली.

भाभी आणि तिचा नवरा बल्लारपूरला तिच्या भावाकडे गेले. मशीन हातगाडीवर, मुलगी तिच्या शेजारी बसवलेली. मुलगी जगली, एवढं मी नंतर ऐकलं. तिथे नळाचं पाणी होतं. घर त्यांना विकता आलं नाही, कारण ते कोण घेणार? पुढे दारं कोणीतरी काढून नेली. मोहल्ल्यातलं ते एक घर, जिथून ही सगळी मागणी सुरू झाली, तेच मोहल्ल्यातून गेलं. आणि समितीने त्याच वर्षी नगरसेवकांचा नाली पूर्ण केल्याबद्दल सत्कार केला. मी गेले नाही. दुरून लाऊडस्पीकर ऐकू येत होता, एवढं पुरे झालं.

मी आजही समित्या करते. त्यावाचून दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. म्हणून तुम्ही जिथे असाल तिथे, ज्या वार्डात असाल तिथे, एवढं करा. नाली, रस्ता, नळ, जे काही मंजूर होईल, त्याचा नारळ वरच्या घरासमोर फुटू देऊ नका. सगळ्यात खाली राहणाऱ्या घराच्या दारात सगळे जाऊन उभे राहा आणि पहिलं फावडं तिथेच पडल्याशिवाय ठेकेदाराला काम सुरू करू देऊ नका.